क्रमांक अधिक चार

३ नोव्हेंबर २०२३

आज जमलं. चार दिवस डोकं फोडून घेत होते, आज दुपारी एकदाचं जमलं.

आमच्या ट्रस्टचं काम असं की गावोगावी शिबिरं घ्यायची, सिकलसेलसाठी रक्ताचे नमुने घ्यायचे, ते अकोल्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे आणि निकाल आला की ज्याच्या त्याच्या हातात कार्ड द्यायचं. साफ असेल तर पांढरी पट्टी, वाहक असेल तर पिवळी, आजार असेल तर लाल. वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर पोराला आजार होऊ शकतो. म्हणून लग्न जुळवताना कार्ड दाखवा, असं आम्ही गावात सांगत फिरतो.

अकोल्याहून दर गावाचं वेगळं शीट येतं. नावं माझ्या नोंदणीच्या शीटमध्ये, निकाल त्यांच्या शीटमध्ये. बत्तीस गावं, एकेक निकाल शोधून कार्डावर आणायचा म्हणजे मान मोडते. व्हिडिओ बघून बघून शेवटी हे सापडलं: एका चौकटीत गावाचं नाव लिहायचं, दुसरीत माणसाचा क्रमांक. नावाला उद्गारचिन्ह जोडायचं, त्याला निकालाच्या रकान्याचं अक्षर, त्याला ओळीचा आकडा. वरच्या चार ओळी मथळ्याच्या, म्हणून क्रमांक अधिक चार. हे सगळं जोडून तयार होतो तो नुसता मजकूर. पण 'इनडायरेक्ट' नावाच्या सूत्राच्या कंसात घातला की तोच मजकूर पत्ता होतो, आणि त्या पत्त्यावरचा निकाल समोर येऊन उभा राहतो. एक सूत्र, बत्तीस गावं.

गजेंद्र सर, आमचे सचिव, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "वर्षाली, तू तर इंजिनियर निघाली!" एमसीए अर्धवट सुटल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं. ते शेवंतीच्या जुड्या बांधत होते. "म्हंजे चिठ्ठीवर पत्ता लिवला का चिठ्ठी सोताच जाऊन मानूस घेऊन येते?"

"तसंच."

"अन् त्यानं घर बदललं तं?"

मी हसले. म्हटलं, शीटमध्ये कुणी घरं बदलत नाही, बाबा.

१९ नोव्हेंबर

दादाशी भांडण. मनोजदादाचं धामणगावच्या चंदावर मन आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. दोन वर्षांपासून तो तिथे फुलं घेऊन जातो. पण दादाचं कार्ड पिवळं आणि गेल्या आठवड्यात चंदाचंही पिवळंच निघालं. (मी साफ आहे. एकाच आईच्या पोटचे दोघं, मी सुटले.)

दादा म्हणाला, "पिवळं तं पिवळं. आमी तपासू, डॉक्टरले इचारू. तू काहून मधात पडून राहिली?"

मी म्हटलं, चारातून एक पोर आजारी निघतं. मी वॉर्डात पाहिली आहेत ती पोरं. हाडं दुखतात तेव्हा आईलाही हात लावू देत नाहीत.

उद्या मीच धामणगावला जाऊन चंदाशी बोलणार आहे. दादाच्यानं ते होणार नाही.

२० नोव्हेंबर

बोलले. चंदा रडली नाही. म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाय ताई, तुमचं खरं असन." परत येताना गाडीत मला बरं वाटत होतं, हे इथे लिहून ठेवते. खोटं कशाला लिहू?

७ डिसेंबर

मूर्तिजापूरकडच्या बोरखेडीचं शिबिर. चौसष्ट नमुने. पाहुणे आले, फोटो झाले. बावीस नंबरला एक मुलगी होती, प्रतीक्षा चर्जन. आधी तिची काकू, माणिकबाई. काकू सुई पाहून पळायला निघाली तर हिनं तिचा हात धरून बसवली आणि म्हणाली, "काकू, दिवसभर काट्यायचे वांगे तोडता, अन् एका काट्याले भेता?" सगळे हसले. घरचा भाजीपाला आहे, बीए झालेली.

२२ डिसेंबर

बोरखेडीचे निकाल आले. सर म्हणाले, या शीटवर सगळ्यात वर शिबिराची तारीख आणि पाहुण्यांचं नाव टाक, अहवालात फोटो जाणार आहे. वर एक ओळ घालून टाकली. बेरजा पाहिल्या, वाहक अकरा, आजार एक, सगळं जुळलं. पहिल्याच कार्डावर मात्र निकालाच्या जागी 'निकाल' असा शब्दच छापून आला. कॉम्प्युटर कधी कधी असा अडखळतो. ते एक हातानं टाइप केलं, बाकी त्रेसष्ट सरळ छापली. पाच वाजता कार्डं गठ्ठा बांधून तयार.

१४ जानेवारी २०२४

आज एक गोष्ट केली, ती चूक की बरोबर कळत नाही. आई रोज दादासाठी मुलींची नावं काढते आणि दादा जेवता जेवता उठून जातो. आज ऑफिसात कुणी नसताना मी फाइल उघडली, गाव 'बोरखेडी' टाइप केलं, क्रमांक बावीस.

पांढरी पट्टी.

आईला सांगितलं, मुलगी माझ्या डोळ्याखालची आहे. कार्ड साफ आहे.

२२ एप्रिल

काल लग्न झालं. प्रतीक्षाच्या वडिलांनी, पुंडलिकरावांनी, बैठकीत तिचं कार्ड पाकिटातून काढून सगळ्यांना दाखवलं होतं. मला किती अभिमान वाटला. दादा लग्नात हसला, दोनदा. माणसं नव्याला सरावतात.

११ जुलै

वहिनीला दिवस गेले. तिसरा महिना. आईनं शेजारपाजारी पेढे दिले. दादा मळ्यात एकटाच झेंडूच्या रोपांशी बोलत होता, मी लपून ऐकलं. खरंच बोलत होता.

१२ ऑगस्ट



सकाळी अकोल्याहून नितेशचा फोन आला. तो प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. म्हणाला, "मॅडम, आजच या. फोनवर नाई सांगत."

बडनेऱ्याहून गाडी पकडली. तिथे गेले तर त्यानं एक कार्ड समोर ठेवलं. बोरखेडीची साधना, क्रमांक नऊ, पांढरी पट्टी. तिचा सात वर्षांचा मुलगा अकोल्याला वॉर्डात भरती आहे, सिकलसेलचाच.

"आजारी पोराची माय साफ असूच शकत नाई," नितेश म्हणाला. "म्हणून मी मशीनचे कागद काढले. बाई वाहकच हाय. आमच्या शीटमधीबी वाहकच लिवलं हाय. तुमच्या कार्डावर साफ कुठून आलं?"

आम्ही दोघं कार्डं आणि कागद शेजारी ठेवून एकेक पाहत गेलो. नऊच्या कार्डावर आठचा निकाल. दहाच्या कार्डावर नऊचा. अकराच्या कार्डावर दहाचा. अख्खं गाव एकेक घर सरकलं होतं.

"ओळ घातली का वर?" त्यानं विचारलं.

मग मला कळलं. साधं सूत्र असतं तर ओळ घातल्यावर ते आपोआप सरकलं असतं. बेरजा सरकल्या, म्हणूनच जुळल्या. पण माझा पत्ता मजकूर होता. मी जोडलेली अक्षरं. शीट हललं, तरी अक्षरांना ते कोण सांगणार? पहिल्या कार्डावर 'निकाल' शब्द आला होता तो मथळा होता. शीटनं मला सांगितलं होतं आणि मी तो शब्द पुसून वर टाइप केलं होतं.

"नुसतं नंबरानं शोधलं असतं तं..." नितेश म्हणाला आणि माझ्याकडे पाहून थांबला.

बावीस नंबर मी सगळ्यात शेवटी पाहिला. त्याला म्हटलं, तूच वाच.

"वाहक," तो म्हणाला. "काहून मॅडम, वळखीची हाय का?"

१३ ऑगस्ट

सरांना सगळं सांगितलं. ते फार शांत राहिले. म्हणाले, "घाबरू नको बेटा. आधी हे सगळं तुझ्या हातानं लिहून दे. सूत्र कुणी केलं, ओळ कुणी घातली. मीटिंगमध्ये मी तुझ्या बाजूनं बोलेन. तोपर्यंत बाहेर शब्द नको. गावात गोंधळ होईल."

दोन पानं लिहिली. ओळ सरांनी सांगितली म्हणून घातली, असं एक वाक्य होतं. ते म्हणाले, हे काढ, उगाच गुंता वाढतो. पुन्हा स्वच्छ उतरवून दिलं. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता. माणूस समजूतदार आहे.

१६ ऑगस्ट

मीटिंग वीस तारखेला आहे.

वहिनी सकाळी उंबऱ्यात बसून कैरीचं लोणचं नुसतंच खात होती. मला म्हणाली, "ताई, तुमी जेवून नाई राहिल्या बराबर. मले पहा, मी दोघायचं खाऊन राहिली."

चारातून एक. म्हणजे चारातून तीन वेळा काही होत नाही. दिवसभर हेच घोकते आहे. दादाला, चंदाला समजावताना मी याच आकड्यानं घाबरवलं होतं. आज त्याच आकड्याच्या आड लपते आहे.

२० ऑगस्ट

मीटिंग पुढे ढकलली. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात.

२३ ऑगस्ट

नितेशचा फोन. "मॅडम, तुमच्या घरी सांगितलं का?" मी म्हटलं, मीटिंग व्हायची आहे. तो म्हणाला, "पोटातल्या पाण्याची तपासणी नागपूरले होते. सोळा आठवड्यांनी करता येते. पन त्याच्यानंतर दिवस मोजकेच रायतात. तुमच्या ट्रस्टची मीटिंग काय करते त्यात? तुमची वहिनी ट्रस्टची हाय का?"

हे मला दुसऱ्या माणसानं सांगावं लागलं. अकरा दिवस. मी रोज तिच्या हातचं जेवले.

२४ ऑगस्ट

सांगितलं.

सकाळी सगळे मळ्यात होते, फुलं तोडणं चाललं होतं. वहिनी बांधावर चहा घेऊन आली. कप हातात दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं सांगितलं, ओळ, पत्ता, बावीस, एकवीस. सूत्र त्यांना काय समजणार, तरी मी तेच पुन्हा पुन्हा समजावत होते, जणू ते समजलं की बाकीचं कमी होईल.

बाबांनी मध्येच थांबवलं. "सोपं सांग वर्षाली. पोरीचं कार्ड खोटं हाय?"

"हो."

"कवापासून माहीत हाय तुले?"

"बारा तारखेपासून."

आई खाली बसली. वहिनीनं पोटावर हात ठेवला नाही की काही नाही, हातातली किटली तेवढी नीट सपाट जागा पाहून खाली ठेवली.

दादा फुलांची टोपली घेऊन माझ्यासमोर आला. तो ओरडेल असं मला वाटलं. तो हळू बोलला. "चंदाचं कार्ड खरं होतं?"

"हो."

"मंग तिच्यासंग केलं असतं तं आमाले माहीत तरी असतं. पयल्या महिन्यातच दवाखान्यात गेलो असतो." वहिनी तिथेच उभी होती. तिनं ते ऐकलं. दादाला ते कळलं तेव्हा बोलून झालं होतं.

त्याच्या या एका वाक्यात मला दिसलं, मी दोघींना मारलं. एकीला नोव्हेंबरात, एकीला आज.

२७ ऑगस्ट

नागपूर. मला सोबत येऊ दिलं नाही. दादा, वहिनी आणि पुंडलिकराव गेले. संध्याकाळी दादाचा निरोप आईच्या फोनवर आला: पाणी काढलं, तीन आठवडे लागतील.

११ सप्टेंबर

घरात महालक्ष्म्या बसल्या आहेत. फुलांना या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, बाबा आणि दादा पहाटेच बाजारात. वहिनीनं आंबील केली, सोळा भाज्या निवडल्या. आई म्हणाली तू बस, पण ती बसली नाही. मी पुरण वाटायला गेले तर तिनं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. रागानं नाही. एखादी वस्तू चुकीच्या जागेवरून उचलून ठेवावी तसं.

ती माझ्याशी बोलत नाही असंही नाही. "ताई, मीठ द्या." "ताई, गॅस बंद करा." याहून शिव्या बऱ्या.

१७ सप्टेंबर

आजार आहे.

१८ सप्टेंबर

आई देवघरापुढून उठायला तयार नाही. "देवानं देल्लं लेकरू हाय. आता औषधं निंगाली हायेत. जगतात लोकं." हे खरंही आहे. जगतात. मी स्वतः गावोगाव सांगत आले की उपचारानं जगतात.

वहिनी म्हणाली, "आई, मी साधनाबाईच्या घराच्या मांगच वाढली. तिचं पोरगं दुखलं का अख्ख्या गल्लीले आयकू येते. मी दोन खेपा त्याले मांडीवर घेऊन अकोल्याले गेली. मले माहीत हाय काय असते ते. तुमाले नाई माहीत." मग दादाकडे पाहून म्हणाली, "तुमी सांगा. तुमचं काय म्हननं हाय?"

दादा काहीच बोलला नाही. तो बोलला असता, कोणत्याही बाजूनं, तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग पुंडलिकरावांना फोन लावून ती एवढंच म्हणाली, "बाबा, या."

२२ सप्टेंबर

झालं. काल, नागपूरलाच. मुलगा होता की मुलगी, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तिथून ती थेट बोरखेडीला गेली.

२५ सप्टेंबर

काही नाही. शेवंतीला कळ्या आल्या आहेत. दादा मळ्यातल्या खोलीत झोपतो.

३ ऑक्टोबर

ट्रस्टचं पत्र आलं. 'कर्मचारी वर्षाली शेषराव होले यांनी कोणतीही परवानगी न घेता स्वतःच्या मर्जीने सदोष पद्धत वापरली, हे त्यांनी लेखी कबूल केले आहे.' उद्यापासून येऊ नये. सोबत माझ्याच अक्षरातली दोन पानं जोडली आहेत.

सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. त्यांच्यावर कुणीतरी दबाव आणला असेल. किंवा मीच अजून काही समजत नाही.

पत्रात बोरखेडीच्या कार्डांबद्दल एक शब्द नाही. म्हणजे ती कार्डं अजून तशीच पेटीत, देवामागे, पाकिटात ठेवलेली असतील. कुणीतरी ती उद्या एखाद्या बैठकीत काढून दाखवेल.

१४ ऑक्टोबर

अकोल्याला गेले. नितेशनं त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. डॉक्टर माझ्यावर चिडले, अर्धा तास चिडले, आणि मग म्हणाले, लिही. मशीनच्या कागदांवरून चौसष्ट कार्डं मी हातानं लिहिली. सूत्र नाही. नितेशनं नंबर वाचायचा, मी नाव वाचायचं, त्यानं निकाल वाचायचा, मी लिहायचा, मग कागद आणि कार्डं आपसात अदलून शेवटापासून उलटं तपासायचं. डॉक्टरांनी प्रत्येकावर सही केली. एक पोचवही केली: कार्ड मिळालं, जुनं परत दिलं, सही.

नितेश म्हणाला, मी येतो सोबत. मी नको म्हटलं. तो स्टेशनपर्यंत आला आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. इतकी काळजी का घेतो कळत नाही. कदाचित आपण आधीच तपासायला हवं होतं असं त्याला वाटत असेल.

२६ ऑक्टोबर

बोरखेडीला चौथ्यांदा. आजवर एकोणचाळीस कार्डं बदलली. एका घरी मला बसूच दिलं नाही. एका घरी चहा दिला, आणि कार्ड पाहून चहाचा कप परत घेतला. जिचं पिवळं होतं आणि आता पांढरं झालं त्या मुलीचं जमलेलं लग्न फेब्रुवारीत मोडलं होतं. तिची आई म्हणाली, "आता कोनाले दाखवू हे?"

साधनाबाईनं कार्ड घेतलं, पोराच्या फायलीत ठेवलं आणि म्हणाली, "मले तं आधीच माहीत होतं." तिचं पोरगं अंगणात गोट्या खेळत होतं. आज दुखत नव्हतं त्याला.

माणिकबाईनं दारातच सही केली. प्रतीक्षा घरात आहे का, हे मी विचारलं नाही. तिचं कार्ड तेवढं पिशवीत ठेवून परत आले. त्रेसष्ट होऊ देत, मग.

९ नोव्हेंबर

आज गेले. एकच कार्ड उरलं होतं.

दादाला कालच सांगितलं होतं, उद्या जाते, येतोस का? तो दाराशी उभा राहून चप्पल घालत होता, मग काढली. "तिनं बलावलं का?" म्हणाला. मी म्हटलं, नाही. तो आत गेला. ती याचीच वाट पाहत असेल असं माझ्या मनात आलं. मी बोलले नाही. माझ्या बोलण्यावर आता कुणी काही ठरवू नये.

पुंडलिकराव वांग्याच्या शेतात होते. प्रतीक्षा ओसरीवर मेथी निवडत होती. वाळली आहे. मी पायरीखाली उभी राहिले. ती म्हणाली, "या, बसा." आतून पाणी आणून दिलं.

मी कार्ड पुढे केलं. तिनं हात पुसले, पण घेतलं नाही. "वाचून दाखवा."

मी वाचलं. नाव. वय. गाव. क्रमांक बावीस. निकाल, वाहक.

"कोनी तपासलं?"

"नितेशनं, मी, आणि डॉक्टरांनी. तीनदा."

"आता खरं हाय?"

"हो."

तिनं कार्ड घेतलं, पिवळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. आत जाऊन जुनं कार्ड आणलं. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं, लग्नात दाखवलं होतं तसंच नवंकोरं. माझ्या हातात दिलं.

मला म्हणायचं होतं, घरी चल. मला म्हणायचं होतं, दादा जेवत नाही. माफी मागायची होती, ती तर मी वाटेत पाठ करून आले होते. तिनं विचारलं, "सही कुठं करू?"

मी पोचवही उघडून दिली. शेवटची ओळ रिकामी होती. तिनं पेन घेतला, जरा थांबली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडून लिहिलं: प्रतीक्षा पुंडलिक चर्जन.

यादीत तेच नाव आहे म्हणून तिनं तसं लिहिलं असेल. शिबिराच्या वेळी तिचं तेच नाव होतं.

मी विचारलं नाही. वही मिटली आणि मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागले. घरी दादा अंगणात उभा होता. त्यानं वही मागितली, शेवटचं पान उघडलं, आणि बराच वेळ ते पाहत राहिला.